निजून राहण्याचे दिवस

गरोदरपणाच्या सातव्या-आठव्या महिन्यांत डॉक्टर कित्येक स्त्रियांस ओझें न उचलण्यास व बहुतेक वेळ पडून राहण्यास सांगतात. कोणाचा रक्तदाब वाढलेला असतो, कोणाच्या पोटांत जुळें असतें, कोणाची वार खालीं आल्यामुळें रक्त जाण्याचें भय असतें, तर कोणास दिवस भरण्यापूर्वींच कळा येऊं लागतात. गोळ्या मिळतात, पथ्य समजतें. परंतु सकाळपासून संध्याकाळपर्यंत पडून राहून करावें काय, हें बहुधा कोणी सांगत नाहीं. आजच्या पाठांत आम्हीं हाच प्रश्न घेतला आहे.

कर्जत व खालापूर तालुक्यांतील वाड्यांत हा प्रश्न अधिक कठीण होतो. पावसाळ्यांत भाताची लावणी सुरू झाली कीं घरांतील धडधाकट माणसें पहांटेस शेतावर जातात, तीं दिवेलागणीस परततात. बाहेर पाऊस कोसळत असतो, दार लोटलेलें असतें, घरांत अंधार असतो. गेल्या वर्षीं जी बाई चिखलांत उभी राहून इतरांबरोबर रोपें लावीत होती, ती आढ्याकडे पाहत एकटी पडून असते. कापणीनंतर कित्येक कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात. तेव्हां मागें राहिलेल्या बाईशीं बोलावयास शेजारीणहि उरत नाहीं.

ह्या एकटेपणांत शरमेची भर पडते. "आम्ही तर शेतांतून येऊन बाळंत झालों," असें एखादी वडील बाई सहज बोलून जाते. तिच्या मनांत वाईट नसतें, पण ऐकणारीस तें लागतें. दोन दिवस ती सोसते. तिसऱ्या दिवशीं हंडा उचलून पाण्याची वाट धरते. कंटाळा व शरम हीं दोन्ही मिळून तिला उठवितात, आणि जें संकट टाळावयाचें तेंच ओढवण्याचा संभव असतो. म्हणून तिचा वेळ बरा जावा, ही काळजी घरच्या सर्वांनीं औषधाइतक्याच आस्थेनें वाहिली पाहिजे, असें आमचें म्हणणें आहे.

१. डॉक्टरांस नीट विचारावें. पूर्वीं अशा स्त्रियांस आठवडेच्या आठवडे खाटेवर निजवून ठेवीत. परंतु अशा सक्तीच्या निजण्यानें अकाली बाळंतपण टळतें, असा भरंवशाचा पुरावा पुढील अभ्यासांत मिळाला नाहीं. फार दिवस पडून राहिल्यानें स्नायू व हाडें अशक्त होतात, आणि पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचें भय वाढतें. म्हणून आतां पुष्कळ डॉक्टर प्रत्येकीची स्थिति पाहून कोणतें काम वर्ज्य व कोणतें चालेल, हें ठरवितात. बसून भाकरी थापावी काय, अंगणापर्यंत चालावें काय, पडल्या पडल्या पाऊल वरखालीं हलवावें काय, हें स्पष्ट विचारून घ्यावें. सन २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. हे प्रश्न तेथें न्यावे. हा पाठ वाचून कोणी आपल्या मनानें विश्रांति मात्र मोडूं नये.

२. दिवस आंखून घ्यावा. सकाळीं हातांचें काम, दुपारीं झोंप, तिसऱ्या प्रहरीं वाचन, सायंकाळीं गप्पा, असे भाग पाडले म्हणजे दिवस तितका लांब वाटत नाहीं. अंथरूण दारापाशीं किंवा खिडकीपाशीं घालावें, म्हणजे उजेड व वारा लागेल आणि येणारें-जाणारें माणूस दिसेल. पाण्याचा तांब्या हाताशीं असावा.

३. हातांस हलकें काम द्यावें. डॉक्टरांची हरकत नसल्यास सुपांत तांदूळ निवडणें, लसूण सोलणें, जुन्या मऊ लुगड्याचीं दुपटीं व कुंची शिवणें, हीं कामें टेकून बसून होतात. अशा कामानें आपण घरास भार नाहीं, हें तिचें तिलाच दिसतें. जिला वाचतां येतें तिनें शाळेंतल्या मुलांचे पाढे घ्यावे. जिला येत नाहीं तिनें त्याच मुलांकडून अक्षरें शिकावीं. आपलें नांव लिहावयास शिकण्यास दोन महिने पुरेसे आहेत. घरांतील आजीस जात्यावरच्या ओव्या व अंगाईगीतें येत असतील, तीं तिच्याकडून शिकून घ्यावीं. रेडिओ किंवा मोबाईल थोडा वेळ करमणूक करील. पण बाळंतपणाच्या भयंकर हकिकती पाहून रात्रीची झोंप दवडूं नये.

४. बाळाकडे लक्ष ठेवावें. हें काम त्या मातेवांचून दुसऱ्या कोणास करतां येत नाहीं. रोज एका ठराविक वेळीं, जेवणानंतर, कुशीवर निजून बाळाची हालचाल मोजावी. दोन तासांत १० वेळां हालचाल जाणवली नाहीं, किंवा ती नेहमींपेक्षां कमी वाटली, तर उद्यांवर न टाकतां दवाखाना गांठावा. रक्त जाणें, पाणी जाणें, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढें अंधारी, झटके, किंवा एकच पाय सुजून दुखणें, हींहि धोक्याचीं चिन्हें होत. महाराष्ट्रांत सन २०१४ पासून १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. परंतु सर्वच वाड्यांपर्यंत मोटार जात नाहीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हां मदतीस निघालेल्यांस डोंगर पायींच चढावा लागला. जेथें अशी वाट आहे तेथें झोळी कोण उचलील हें आधींच ठरवावें. बनल्यास शेवटच्या महिन्यांत दवाखान्याजवळच्या नातलगांकडे राहावें.

५. भेटीस जाणाऱ्यांनीं शहाणपणानें जावें. गांवच्या बहिणींनीं पाळी लावून रोज एकीनें अर्धा तास बसावें, आणि जातांना एक हंडा पाणी भरून द्यावें. अवघड बाळंतपणाच्या गोष्टी काढूं नयेत. मुलगा हवा कीं मुलगी, हेंहि विचारूं नये. कापणीनंतर वाडी ओस पडते, तेव्हां ही पाळी चुकूं देऊं नये. उपदेशकबंधूंनीं आपल्या वहींत ही पाळी लिहून ठेविल्यास तें मोठें उपयोगी काम होईल. नवऱ्यानें रात्रीं घटकाभर तिच्यापाशीं बसून शेताची हकिकत सांगावी. लावणी कोठवर आली हें तिलाहि ऐकावयाचें असतें.

कंटाळा व उदासीनता ह्यांत भेद आहे. दोन आठवडे मन सारखें खिन्न राहिलें, अन्न व झोंप गेली, किंवा जिवाचें बरेंवाईट करावेंसें वाटलें, तर तें दुखणें समजून आशाताईस व डॉक्टरांस लगेच सांगावें. १४४१६ ह्या सरकारी क्रमांकावर मनाच्या दुखण्याविषयीं फुकट सल्ला मिळतो. जिवाचें बरेंवाईट करण्याचा विचार आला असेल तेव्हां दोन आठवडे वाट पाहूं नये, आणि तिला एकटें ठेवूं नये.

स्त्रियांच्या सभेंत विचारावयाचे प्रश्न :

१. आपल्या वाडींत सध्यां कोणास विश्रांति सांगितली आहे? तिच्याकडे आज कोण जाईल?
२. तिला कोणतें काम वर्ज्य आहे, हें तिच्या घरच्यांनीं डॉक्टरांस विचारलें आहे काय?
३. तिच्या घरचें पाणी कोण भरतें?
४. रात्रीं दवाखान्यांत न्यावें लागलें, तर झोळी कोण उचलील?