जाण्याआधी परतीचं ठरव

सोलापूर

चि. बाळास,

दाजी अंथरुणाला खिळले, म्हणून नववीनंतर वर्षभर शाळा थांबवून तू गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात जाणार आहेस, असं ताई म्हणाली. मी अडवणार नाही. फी भरणारा माणूसच पडला, तर तुझा निर्णय चुकीचा कसा म्हणू? पण परत कसं यायचं, हे जाण्याआधीच ठरव.

शाळा सोडल्याचा दाखला घाईने काढू नकोस. आधी मुख्याध्यापकांना अर्ज दे. कारण लिही, पुढच्या जूनमध्ये येईन असं लिही आणि पोच घे. तेव्हा प्रवेश मिळेल का, प्रवेश-फी पुन्हा घेणार का, हे लेखी माग. खासगी शाळेत आजचे मुख्याध्यापक वर्षाने असतीलच असं नाही. नाही म्हणाले, तर दाखला आणि नववीचं गुणपत्रक घेऊन जपून ठेव. अनुदानित शाळेत प्रवेश मागायला तेच लागेल. थकलेल्या फीसाठी दाखला अडवला, तर जिल्हा परिषदेत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे मी स्वतः येतो.

पटावर नाव ठेवून अधूनमधून जा, असं कुणी सुचवेल. ऐकू नकोस. दहावीला 75 टक्के हजेरी लागते.

शाळा जमलीच नाही, तर बाहेरून दहावीला बसण्यासाठी 17 नंबरचा फॉर्म आहे. मंडळ तेच, परीक्षाही तीच. मात्र तो परीक्षेच्या कितीतरी महिने आधी भरावा लागतो, तेव्हा तारखांवर जूनपासूनच लक्ष ठेव.

नोकरी करत शिकलेले सुशीलकुमार शिंदे आपल्याच गावचे. दिवसा इथल्या कोर्टात नोकरी, रात्री नाइट हायस्कूल, पुढे दयानंद कॉलेज. 1965 मध्ये फौजदार, 2003 मध्ये मुख्यमंत्री. मला त्यातलं मुख्यमंत्रिपद मोठं वाटत नाही. दिवसभर राबलेला मुलगा रात्री बाकावर येऊन बसत होता, ते मोठं वाटतं.

मला खरी भीती तुझ्या पगाराची आहे. घर त्यावर चालू लागलं की पुढच्या जूनमध्ये तुला शाळेत पाठवायला कुणाचं मन होणार नाही, कदाचित तुझंही. म्हणून आत्ताच ताईशी बोल, आणि पगारातले थोडे पैसे फीसाठी पोस्टात टाकत जा. कमी पडतील ते मी घालीन. रविवारी सकाळी बीजगणित घेऊन माझ्याकडे ये. ते सुटलं की दहावी फार जड जाते. परतल्यावर वर्गात धाकटी मुलं असतील, चार दिवस चिडवतील. तरी बसायचं.

अर्जाचा मसुदा सोबत पाठवतो आहे. ताईची सही घे आणि सोमवारी शाळेत नेऊन दे.

तुझा,
मामा