जर्मनीला निघालेल्या भाचीस

करमाळा

चि. राणीस,


तुझ्या आईचा परवा फोन आला होता. बी.एस्सी. नर्सिंगचा निकाल लागला की तू थेट जर्मनीला जायचं म्हणतेस, पुण्यात भाषेचा क्लासही लावलास, असं सांगताना तिला रडू आवरेना. "तूच समजाव तिला," म्हणाली. मी तुला जाऊ नकोस म्हणणार नाही. पोरीने शिकून चार पैसे मिळवले, बापाच्या डोक्यावरचं कर्ज फेडलं, तर त्यात वाईट काय आहे? पण जाण्याआधी काय करावं आणि गेल्यावर काय विसरू नये, हे मला सांगायचं आहे. फोनवर अशा गोष्टी अर्धवट राहतात, म्हणून पत्र.

तुम्हा मुलींना तिकडे बोलावताहेत ते उगाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा नर्सिंगवरचा 2025 चा अहवाल सांगतो, की जगात सुमारे 2 कोटी 98 लाख नर्स आहेत आणि आणखी 58 लाख हव्या आहेत. आहेत त्यांतल्या शंभरातल्या 78 जणी अशा देशांत आहेत, जिथे जगातली जेमतेम निम्मी माणसं राहतात. आणि श्रीमंत देशांनाही नर्स पुरत नाहीत. तिथली जवळजवळ दर चौथी नर्स बाहेरच्या देशात जन्मलेली आहे. जर्मनीत म्हातारी माणसं वाढली आणि त्यांची शुश्रूषा करायला तरुण हात कमी पडले. 2024 मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. तुझ्या क्लासमधल्या पुष्कळ मुली त्या आशेनेच आल्या असतील.

ज्या देशांत डॉक्टर-नर्सची फारच टंचाई आहे, तिथून दुसऱ्यांनी माणसं ओढून नेऊ नयेत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये 55 देशांची यादी केली. तीत भारताचं नाव नव्हतं. आपल्याकडे नर्सिंगची कॉलेजं खंडीभर, मुलीही हजारोंनी पास होतात, म्हणून आकडा बरा दिसतो. पण तो आकडा सगळ्या देशाचा. करमाळ्याचा आकडा त्या यादीत कुणी मांडत नाही, आणि सरकारी दवाखान्यात हयात घालवलेल्या माझ्यासारख्या बाईला करमाळ्याचाच आकडा दिसतो.

नर्स कमी पडली म्हणजे नेमकं काय होतं, ते तुला पुस्तकात सापडणार नाही. वार पडली, बाळ रडलं, की नातेवाइकांना वाटतं सुटलो. सिस्टरचं खरं काम तिथून पुढे दोन तास. दर पंधरा मिनिटांनी नाडी बघायची, बीपी घ्यायचं, पोटावर हात ठेवून गर्भाशय आवळलंय की ढिलं पडलंय ते चाचपायचं, पॅड काढून रक्त किती गेलं ते बघायचं. ढिलं लागलं की लगेच चोळायचं, लघवी तुंबली असेल तर नळी घालून ती काढायची, ऑक्सिटोसिन, सलाइन, आणि तोवर डॉक्टरांना हाक. एका बाईला दोन तासांत आठ वेळा बघायचं. एका रात्री दोघी बाळंत झाल्या तर सोळा वेळा. त्यातच टेंभुर्णी रस्त्यावरचा अपघात येतो. गळीत हंगाम असेल तर ऊसतोडीच्या टोळीतली आठव्या महिन्याची बाई कळा देत येते, आणि तिचं तपासणीचं कार्ड बीडकडच्या गावी राहिलेलं असतं. रात्रपाळीला एकच सिस्टर असली, तर त्या सोळांतल्या किती होतील? सोळाच्या सोळा रकाने भरलेली रजिस्टरंही मी पाहिली आहेत. ती भरणारीला मी दोष देत नाही. तिला एकटीला तिथे उभं करणाऱ्यांना देते. बाई हाताबाहेर गेली तर सोलापूरचं सिव्हिल इथून सव्वाशे किलोमीटरच्या वर, आणि 108 ची गाडी कितीही पळवली तरी रस्ता कमी होत नाही.

मुली मिळत नाहीत म्हणून असं होतं का? मुली आहेत. मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकामी राहते. भरली तर अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. काम कायम असलेल्या सिस्टरएवढंच, पगार तिच्या निम्म्याच्या आसपास. ऑर्डर संपायला आली की ती पोरगी पेशंटकडे बघणार की पुढच्या ऑर्डरकडे? राहायला धड खोली नाही. अशा जागेवर कुणी टिकत नाही आणि मग वर सांगतात, ग्रामीण भागात यायला कुणी तयार नाही. हे ऐकलं की मला अजूनही राग येतो.

पण राणी, आपल्या तालुक्याच्या शिवेला लागून जामखेड आहे. तिथे याच टंचाईवर एक उत्तर निघालं आणि ते साऱ्या जगाने उचललं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघेही वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि 1970 मध्ये जामखेडला बसले. मोठ्या शहरात त्यांना काही कमी पडलं नसतं. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावांत ठेवून पाहिल्या. त्या राहिनात, आणि गावच्या बायकाही त्यांच्याशी मोकळ्या होईनात. तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याचशा निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या आणि गावात परत जाऊन दुसऱ्या बायकांना शिकवायच्या. गरोदर बाईला तपासायचं कसं, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजायचं कसं, धोका कुठल्या खुणेवरून ओळखायचा, कधी वेळ न घालवता दवाखान्यात न्यायचं. 1971 मध्ये त्या गावांत हजार जन्मांमागे 176 पोरं वर्षाच्या आत जात होती. पाच वर्षांत तो आकडा 52 वर आला. त्या बायकांमधल्या मुक्ताबाई पोळ 1988 साली वॉशिंग्टनला परिषदेत बोलून आल्या. आज गावोगाव फिरणारी आशाताई 2005 नंतर आली, पण तिच्या मागे जामखेडच्या त्या बायका आहेत. आशाताईला अजून पगार नाही, मानधन आहे. तेही वेळेवर मिळावं म्हणून तिला रस्त्यावर बसावं लागतं.

आरोळ्यांनी बायकांच्या हाती औषधाची पेटी दिली, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्वतःजवळचं ज्ञान राखून ठेवलं नाही. आपल्याकडे ते राखून ठेवायची खोड फार आहे. सीनिअर सिस्टर ज्युनिअरला हातात हात धरून शिकवत नाही, डॉक्टर सिस्टरला कारण सांगत नाही, सिस्टर आशाताईला नुसती पळवते. दहा कॉलेजं काढली तरी ही टंचाई हटायची नाही.

म्हणून तुला माझं सांगणं असं, की निकालानंतर आधी दोन वर्षं इथे काढ. मोठ्या खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत नको, तिथे मॉनिटर वाजला की तुझ्याआधी चौघी धावतील. तालुक्याच्या दवाखान्यात ये, लेबर रूममध्ये. हात इथेच तयार होतो. आणि पहिल्या महिन्यापासून कुणाला तरी शिकवत राहा. एएनएमची विद्यार्थिनी असो, आशाताई असो, बाळंतिणीची सासू असो. शिकवताना आपलं कच्चं कुठे आहे ते आपोआप कळतं.

मग जा. पण डोळे उघडे ठेवून जा. भाषा बी-2 पर्यंत पक्की झाल्याशिवाय तिथे पूर्ण नर्स म्हणून मान्यता मिळत नाही, तोवर मदतनिसाचं काम आणि मदतनिसाचा पगार, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेव. एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, ते ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर बघ. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात देऊ नकोस. मधेच काम सोडलं तर किती पैसे भरावे लागतील, ते कलम करारात शोध आणि त्यावर सही करण्याआधी मला वाचून दाखव. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेव, परतायचं झालं तर तीच लागते.

तिथे गेल्यावर सुट्टीत येशील तेव्हा आठवडाभर तरी आपल्या दवाखान्यातल्या मुलींसाठी ठेव. तिकडे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची निगा फार चांगली राखतात म्हणे. आपल्याकडेही घरोघर म्हातारी माणसं वाढताहेत, आणि पाठीला जखम होऊ नये म्हणून माणसाला कुशीवर कसं वळवायचं हे पुष्कळ घरांत माहीत नाही. ते शिकून ये आणि इथे शिकव.

दिवाळीला येशील तेव्हा करार बरोबर घेऊन ये. एक दिवस जामखेडलाही जाऊ. एसटीने सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येतं. आईला म्हणावं, रडू नकोस, मावशी बघतेय.

तुझी,
मावशी