शाळेची वाट : मुलांच्या पायी प्रवासाची सुरक्षितता

परभणीहून औंढा नागनाथमार्गे हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील जवळा बाजार हे औंढा नागनाथ तालुक्यातील बाजारपेठेचे गाव होय. येथील कृषी उत्पन्न बाजार समितीत परिसरातील खेड्यांमधून सोयाबीन, तूर, हरभरा असा शेतमाल येतो. मालाच्या गाड्या, ट्रॅक्टर, एसटी बस, प्रवासी जीप आणि मोटारसायकली यांची सकाळी जेव्हा वर्दळ सुरू होते, नेमक्या त्याच सुमारास पाठीवर दप्तर घेतलेली मुले शाळेच्या वाटेला लागतात. बाजाराची वाट आणि शाळेची वाट एकच असणे, हे मराठवाड्यातील अनेक मोठ्या गावांचे वैशिष्ट्य आहे. मुलांच्या सुरक्षिततेच्या प्रश्नाचे मूळही तेथेच आहे.

शाळेची इमारत, शिक्षक, पुस्तके आणि पोषण आहार यांचा विचार शासन व समाज या दोघांनीही केला आहे. घराचा उंबरठा आणि शाळेचे फाटक यांमधील अंतराचा विचार मात्र अद्याप अपुरा आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याखालील नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी १ किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे अंतराचे मान ठरले. याचाच अर्थ असा की, मुलाने शाळेस पायी यावे हे कायद्याने गृहीत धरलेले आहे. १ किलोमीटर चालण्यास लहान मुलाला पंधरा ते वीस मिनिटे लागतात. ३ किलोमीटरला पाऊण ते एक तास लागतो. हा वेळ निर्धोक जावा, ही जबाबदारी कोणाची, याचा निर्णय गावानेच करावयाचा आहे.

प्रश्नाचे गांभीर्य

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार ५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण रस्ते अपघात हे आहे. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांपैकी ३२ हजारांहून अधिक पादचारी होते. म्हणजे मरण पावलेल्या दर पाच जणांपैकी जवळजवळ एक जण पायी चालणारा होता.

या भीतीपोटी अनेक पालक मुलांना मोटारसायकलवरून शाळेत सोडू लागले आहेत. एका गाडीवर तीन-तीन, चार-चार मुले बसविली जातात. काही घरांत तर आठवी-नववीच्या मुलाच्याच हाती गाडी दिली जाते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या सुधारणेनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास त्याचा पालक अथवा वाहनमालक तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस व २५ हजार रुपये दंडास पात्र ठरतो, तसेच वाहनाची नोंदणीही बारा महिन्यांसाठी रद्द होते. ही तरतूद पालकसभेत वाचून दाखविणे अगत्याचे आहे. दुसरे असे की, शाळेच्या फाटकापाशी येणारे प्रत्येक वाहन पायी येणाऱ्या मुलांचा धोका वाढविते. एकाने आपले मूल गाडीवर आणले की शेजाऱ्यास आपल्या मुलाची धास्ती वाटते, आणि तोही गाडी काढतो. अखेर पायी चालण्यास उरतात ती ज्यांच्या घरी वाहन नाही अशा शेतमजुरांची मुले.

स्कूलबसने येणाऱ्या मुलांसाठी राज्यात २०११ चे नियम आहेत आणि त्यांनुसार शाळेत परिवहन समिती असावी लागते. पायी येणाऱ्यांचा विचार करण्यासाठी निराळी समिती नेमण्याचे कारण नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. हा विषय त्यांनीच हाती घ्यावा.

मुलाची नजर आणि वाहनाचा वेग

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ माणूस नव्हे. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ स्टीना सँडेल्स यांनी १९६० च्या दशकात रस्त्यावरील मुलांच्या वर्तनाचा अभ्यास केला. नऊ-दहा वर्षांखालील मुलांकडून रहदारीत सातत्याने सुरक्षित वर्तनाची अपेक्षा धरता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. नियम पाठ असलेले मूलही पलीकडे मित्र दिसताच धावत सुटते. दूरवरच्या वाहनाचा वेग त्यास नीट अजमावता येत नाही. शिवाय त्याची उंची कमी असल्यामुळे उभ्या जीपच्या किंवा बैलगाडीच्या आडून ते चालकाच्या दृष्टीस पडत नाही.

याला वेगाच्या गणिताची जोड दिली म्हणजे धोका स्पष्ट होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. चालकाला धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एक सेकंद जातो. कोरड्या रस्त्यावर असे वाहन पूर्ण थांबण्यास ३५ ते ४० मीटर लागतात. तेच वाहन ३० च्या वेगाने येत असेल तर सुमारे १३ ते १५ मीटरमध्ये थांबते. वेग निम्मा केला असता थांबण्याचे अंतर निम्म्याहूनही कमी होते. म्हणूनच शाळेजवळ वाहनांचा वेग उतरविणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय.

हेच गणित पाचवीपासूनच्या वर्गांत प्रत्यक्ष करून घेता येईल. सात मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास मुलास सुमारे सात सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत ६० च्या वेगाचे वाहन ११५ मीटरहून अधिक आणि ८० च्या वेगाचे वाहन दीडशे मीटरहून अधिक अंतर कापते. ओलांडण्याच्या जागेपासून दोन्ही बाजूंस २०० मीटर अंतर शिक्षकांच्या देखरेखीखाली मोजावे आणि तेथील झाड, खांब किंवा मैलाचा दगड ही ‘खूण’ ठरवावी. वाहन खुणेच्या अलीकडे आले असल्यास थांबावयाचे, हा नियम मोठ्या मुलांच्या सहज ध्यानात राहतो. खूण जेथून दिसत नाही, अशा वळणावर किंवा चढावर रस्ता ओलांडावयाचाच नाही.

धडा रस्त्यावरच द्यावा

फळ्यावरील चित्राने रस्ता शिकविता येत नाही. ग्लासगो येथील स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९९० च्या दशकात पाच ते सात वर्षांच्या मुलांना लहान गटांत प्रत्यक्ष रस्त्याकडेला नेऊन शिक्षण देण्याची पद्धती विकसित केली. ओलांडण्यासाठी सुरक्षित जागा निवडणे, उभ्या वाहनांच्या दरम्यान कसे वागावे हे समजणे आणि चौकात कोणकोणत्या बाजूंनी वाहने येतात हे पाहणे, अशी तीन कौशल्ये त्यात होती. शिकविण्याचे काम गावातील स्वयंसेवक पालकांनी केले. या पद्धतीस खर्च नाही. लागतो तो वेळ.

आपल्याकडे प्रथम शाळेच्या पटांगणात चुन्याच्या फक्कीने रस्ता आखावा. काही मुलांनी बस व्हावे, काहींनी बैलगाडी, तर काहींनी पादचारी. त्यानंतर कमी रहदारीच्या रस्त्यावर चार-पाच मुलांचे गट न्यावेत. पुढील गोष्टी सवयीच्या होईपर्यंत करून घ्याव्यात :

पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, एकामागे एक असे चालावे. ‘नेहमी डाव्या बाजूने चाला’ हा धडा पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. परंतु डावीकडून चालताना वाहन पाठीमागून येते व ते दिसत नाही; उजवीकडून चालताना ते समोर दिसते. १९६८ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतूक करारातही पादचाऱ्यांविषयी हेच तत्त्व स्वीकारलेले आहे.

रस्ता ओलांडण्यापूर्वी कडेला थांबावे. उजवीकडे, डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे पाहावे. धावू नये. बसमधून उतरल्यावर तिच्या पुढून किंवा मागून लगेच निघू नये. बस दूर जाऊन रस्ता दोन्ही बाजूंस मोकळा दिसेपर्यंत थांबावे. पहिली ते चौथीच्या मुलांनी मोठा रस्ता एकट्याने ओलांडूच नये. तेथे हात धरणारे मोठे माणूस असलेच पाहिजे.

शाळेची दिंडी

ऑस्ट्रेलियातील डेव्हिड एंग्विक्ट यांनी १९९० च्या दशकात ‘चालती स्कूलबस’ ही कल्पना मांडली. पालकांपैकी एक पुढे, एक मागे, ठरलेल्या थांब्यांवर मुले सामील होत जातात आणि सर्व मिळून शाळेत पोहोचतात. जपानमध्येही शेजारची मुले एकत्र जमून शाळेस जाण्याची रीत आहे. पहिलीच्या मुलांच्या डोक्यावर पिवळी टोपी असते आणि चौकात ज्येष्ठ नागरिक निशाण घेऊन उभे असतात.

महाराष्ट्रास ही कल्पना परकी वाटू नये. शिस्तीने, रांगेत आणि एकमेकांस सांभाळीत रस्त्याने चालण्याची दिंडीएवढी जुनी शाळा दुसरी नाही. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. शेगावहून पंढरपूरला निघणारी श्री गजानन महाराजांची पालखीही औंढा नागनाथ, परभणी या मार्गाने जाते आणि तिची शिस्त या भागातील लहानथोरांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. पताका पुढे, ओळी सरळ, मागे पडणाऱ्याची वाट पाहणारे कोणीतरी असतेच. हीच रीत शाळेस लावता येईल.

प्रत्येक वस्ती, गल्ली वा वाडीची एक दिंडी असावी. जमण्याची जागा व वेळ ठरलेली असावी. पुढे आणि मागे एकेक जबाबदार प्रौढ व्यक्ती असावी. पाळी आठवड्याची लावल्यास दहा घरांपैकी कोणावरच भार पडत नाही. सातवी-आठवीच्या मुलांनी धाकट्यांचा हात धरावा. मात्र प्रौढांची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नये. पुढील व्यक्तीच्या हाती लाल किंवा भगवे निशाण आणि मुलांच्या अंगावर उजळ रंगाचे काही वस्त्र असल्यास वाहनचालकांस समूह लांबूनच दिसतो. हजेरी जमण्याच्या जागीच घ्यावी. न आलेल्या मुलाची चौकशी त्याच दिवशी होते आणि शाळा गळतीची पहिली खूणही तेथेच सापडते.

ऋतूंप्रमाणे दक्षता

काळ्या जमिनीच्या या मुलखात पावसाळ्यात कच्च्या वाटांवर चिखल होतो. मुले ती वाट सोडून डांबरी रस्त्यावर येतात. म्हणून जूनपूर्वी वस्तीपासून शाळेपर्यंतच्या कच्च्या वाटेवर मुरूम टाकणे, हेदेखील अपघात टाळण्याचेच काम होय. पुलावरून पाणी वाहत असताना ओलांडू नये, हा नियम निरपवाद असावा. वाहत्या पाण्याची खोली बाहेरून दिसत नाही आणि ओढ लहान मुलाचे पाय सहज उचलते. पाऊस वाढल्यास नाल्यापलीकडील मुलांना वेळेआधी सोबतीसह पोहोचवावे. पाणी चढले असल्यास त्यांना शाळेतच थांबवून पालकांना कळवावे. विजा चमकत असताना झाडाखाली थांबू नये. कालव्याच्या काठाने शाळेची वाट धरू नये.

ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. ट्रॅक्टर पुढे गेला की रस्ता मोकळा झाला, असे समजून मूल पाऊल टाकते आणि मागील ट्रॉली आडवी येते. चालत्या ट्रॉलीतील ऊस ओढण्याचा मोह तर प्राणावर बेततो. आठवडी बाजाराच्या दिवशी दिंडीचा मार्ग बदलावा अथवा वेळ थोडी अलीकडे घ्यावी.

मुलींची वाट

पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सावित्रीबाई फुले यांना शाळेच्या वाटेवर शेण-दगडांचा मारा सोसावा लागला. मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न आरंभापासूनच असा वाटेचाही आहे. गावातील वर्ग संपून पुढील शाळा दुसऱ्या गावी असली की मुलीचे शिक्षण थांबते, ते पुष्कळदा अभ्यासामुळे नव्हे. निर्जन वाट, टवाळखोरी आणि अंधार यांमुळे थांबते. अहिल्यादेवी होळकर योजनेतील एसटीचा मोफत पास आणि मानव विकास कार्यक्रमातील सायकली यांचा हेतू हाच आहे. परंतु बसथांब्यापासून घरापर्यंतचे अंतर पायीच उरते. त्या अंतरावर दिवा हवा, सोबत हवी आणि तक्रार ऐकणारे माणूस हवे. मुलीने सांगितलेला त्रास ऐकून तिची शाळा बंद करणे म्हणजे अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्यास, असे होते. संकटात १०९८ किंवा ११२ या क्रमांकांवर मदत मागता येते, हे प्रत्येक मुलास पाठ असावे.

ग्रामपंचायतीचे काम

गावातील रस्ते व दिवाबत्ती हे ग्रामपंचायतीच्या कर्तव्यांपैकी आहेत. सार्वजनिक रस्त्यावरील अतिक्रमण दूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने तिला दिलेला आहे. टपऱ्या, वाळूचे ढीग आणि उभी वाहने यांनी रस्त्याची कड व्यापली की मूल रस्त्याच्या मध्यावर ढकलले जाते. यास्तव शाळेच्या दिशेची किमान एक कड मोकळी ठेवण्याचा ठराव ग्रामसभेने करावा.

वर्षातून एकदा सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक आणि पालक यांनी मुलांसोबत शाळेपर्यंत पायी चालून पाहावे. आपली वाट आणि तीवरील भीतीच्या जागा यांचा नकाशा मुलांनीच काढावा. मोकाट कुत्री, उघडी विहीर, तुटलेला कठडा, वळणावरील झुडपे यांची त्यांना असलेली माहिती कोणत्याही कार्यालयात मिळणार नाही. गतिरोधक परस्पर घालू नयेत. फलकाविना आणि पट्ट्यांविना घातलेला उंचवटा हाच अपघाताचे कारण होतो. मोठ्या रस्त्यासाठी संबंधित बांधकाम यंत्रणेकडे ठरावासह मागणी करून भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांप्रमाणे गतिरोधक, पांढरे पट्टे आणि ‘पुढे शाळा आहे’ असे फलक करून घ्यावेत.

मराठवाड्यातील शाळा जूनच्या मध्यास उघडतात. तत्पूर्वीच्या ग्रामसभेत नकाशा, ठराव आणि दिंड्यांच्या पाळ्या एवढे तीन विषय पूर्ण झाले, तर पहिल्या दिवशी येणाऱ्या मुलांचे स्वागत पुष्पगुच्छांपेक्षा मोलाचे होईल. आपले मूल सुरक्षित राहावे म्हणून ज्याने त्याने त्याला गाडीवर नेणे, हा एका घरापुरता उपाय आहे. गावातील कोणाचेही मूल निर्भयपणे पायी चालू शकेल अशी वाट करणे, हे गावाचे काम आहे.