दाढेचा ठणका आणि लावणीची घाई

वेल्ह्याकडे पावसाने जोर धरला की माणूस दुखणी दिवाळीवर ढकलतो. आधी भात लावणी, मग बेणणी, मग कापणी-झोडणी. त्यात दाढेला कोण विचारतंय? माझी खालची दाढ नेमकी लावणीतच बोलायला लागली. सुरुवातीला गार पाण्याने कळ यायची आणि लगेच जायची. मग गरम चहाने उठलेली कळ बराच वेळ रेंगाळायला लागली. पुढे तर रात्री आडवं झालं की ठणका थेट कानात.

सासूबाई म्हणाल्या, "लवंग धर गं दाढेखाली." धरली. लवंगेच्या तेलाने जागा तेवढ्यापुरती बधिर होते, म्हणून बरं वाटतं. कीड मात्र जागची हलत नाही. शेजारच्या आक्कांनी मिश्रीची डबी पुढे केली. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती दाढेचं काही बरं करत नाही, उलट हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कॅन्सरची भीती वेगळीच.

आणि मग ठणका आपोआप थांबला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

फसगत होते ती इथेच. दाताच्या पोटात मऊ गर असतो, त्यातच नस आणि रक्तवाहिन्या. कीड तिथवर पोचली की नस सुजते, पण चहूबाजूंनी कठीण भिंत, सुजायला जागाच नाही. म्हणून तो जीवघेणा ठणका. पुढे नस मरते, आणि मेलेली नस दुखत नाही. जंतू मात्र मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरत राहतात. माझ्या हिरडीवर बारीक पुळी आली. दाबली की तोंडात घाण चवीचा पू यायचा. शेवटी दातांच्या डॉक्टरांकडे गेले, तर एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसली.

"काढूनच टाका," मी म्हणाले. आपल्याकडे पहिला विचार हाच. डॉक्टर म्हणाले, मूळ भक्कम आहे, भिंती शाबूत आहेत, वाचण्यासारखी दाढ कशाला काढायची? दाढ काढली की शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात, समोरचा दात त्या जागेत उतरायला लागतो. (वरची दाढ काढली की नजर जाते, हे मात्र खोटं. दाताची नस वेगळी, नजरेची वेगळी.)

दाढ वाचवायची ती रूट कॅनल करून, आणि त्याची भीती ऐकीव जास्त. इंजेक्शन दिल्यावर अर्धा ओठ आपला वाटेनासा होतो. मग दाढेवर रबराचा पडदा लावून, केसासारख्या बारीक फाइलींनी मुळातली एकेक नळी साफ करतात. मधेच धुण्याच्या ब्लीचसारखा वास आला. मी विचारलं, तर खरंच त्याच जातीचं औषध, जंतू मारायला. खालच्या दाढेला बहुधा तीन नळ्या, वरच्या पहिल्या दाढेला पुष्कळदा चार. एखादी राहून गेली तर दुखणं परत उपटतं. साफ झालेल्या नळ्या गटापर्चा नावाच्या, झाडाच्या चिकापासून केलेल्या रबरासारख्या पदार्थाने बंद करतात.

दुसरी फसगत यापुढची, ती आमच्या जाऊबाईंची. रूट कॅनल झालं, दुखायचं थांबलं. दाढेवर टोपीसारखी कॅप बसवायची तेवढी राहिली. "आता कॅप कशाला? भात निघालं की बघू." आतून कोरलेली दाढ नुसत्या भरावावर चावायचा जोर सोसत नाही. भाजलेले हरभरे खाताना ती मुळापर्यंत उभी चिरली. तशी चिरलेली दाढ सहसा वाचत नाही. त्यांचीही काढावीच लागली. रूट कॅनलचा खर्च आधीच झालेला! म्हणून खर्च विचारताना कॅपसकट विचारा, आणि तेवढी सोय होणार असेल तरच कामाला हात घालायला सांगा.

खरं तर रूट कॅनलपर्यंत जायलाच नको. गार पाण्याची कळ लगेच जाते आहे तोवर बहुतेकदा नुसतं सिमेंट भरून भागतं. पोरांच्या दुधाच्या दाढा "पडणारच आहेत" म्हणून सोडू नयेत. पुष्कळदा वरचा गर काढून औषध भरलं की दाढ वेळेपर्यंत टिकते. दात अर्धा तुटला असला तरी मूळ चांगलं असेल तर त्यात खुंटी बसवून वर कॅप चढवता येते. आणि मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकवर दिवस काढू नयेत. मेलेल्या नसेत रक्तच फिरत नाही, मग औषध तिथवर पोचणार कसं?

खर्च झेपत नसेल तर पुण्याच्या डेंटल कॉलेजांत जावं. भारती विद्यापीठाचं तर भोर-स्वारगेट रस्त्यावर, धनकवडीलाच आहे. अशा ठिकाणी शिकणारी मुलं अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करतात. पैसे कमी, वेळ जास्त. खेटे घालायची तयारी ठेवावी. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते आधीच सांगावं.

एक मात्र थांबण्यातलं नाही. सूज जबड्याखाली उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, ताप चढला, तर शेकत बसू नये आणि सकाळच्या एसटीची वाट तर मुळीच पाहू नये. ती सूज श्वासाची वाट बंद करू शकते. रात्र असो की पाऊस, तेव्हाच्या तेव्हा १०८ ला फोन लावावा.