कृष्णाकाठापासून सावित्रीच्या खोऱ्यापर्यंत
सुरूर–वाई–महाबळेश्वर–पोलादपूर मार्गाचा अभ्यास

जिल्ह्याचा भूगोल शिकविताना नद्या, डोंगर, पिके व गावे यांची नावे मुलांकडून पाठ करून घेतली जातात. परंतु या सर्वांना एकत्र गोवणारा जो रस्ता, त्याकडे क्वचितच लक्ष जाते. वास्तविक एखादा जुना घाटरस्ता नीट समजावून घेतला, तर भूगोल आणि इतिहास हे दोन विषय निराळे शिकविण्याचे फारसे कारण उरत नाही. सातारा जिल्ह्यातील सुरूर येथून निघून रायगड जिल्ह्यातील पोलादपूर येथे संपणारा राज्यमार्ग या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. त्याची लांबी सुमारे ८५ किलोमीटर. एवढ्या अंतरात तो देशावरून सह्याद्रीच्या माथ्यावर चढतो आणि पलीकडे कोकणात उतरतो.

पुणे–सातारा महामार्गावरील सुरूर गावापाशी हा रस्ता पश्चिमेकडे वळतो. येथून वाईपर्यंतचे सुमारे ११ किलोमीटरांचे अंतर सपाटीचे आहे. या टप्प्यात दुतर्फा उभे असलेले जुने वटवृक्ष हे त्याचे भूषण होय. अलीकडे रस्ता रुंद करण्याचे काम निघाले, तेव्हा या वडांचे काय करावयाचे हा प्रश्न उभा राहिला. वाई हे कृष्णेच्या घाटांचे व देवालयांचे गाव. येथील ढोल्या गणपतीचे देऊळ रास्ते घराण्यातील गणपतराव यांनी १७६२ मध्ये बांधविले. मराठी विश्वकोशाचे कार्यही याच गावात चालले. कृष्णा ओलांडून रस्ता पसरणी घाटास लागतो आणि बारा-तेरा किलोमीटरांत प्रवाशास पाचगणीच्या पठारावर नेऊन सोडतो. पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळे यांचे जन्मगाव.

पाचगणीची वसाहत जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसविली. महाबळेश्वरी पावसाळ्यात राहणे अशक्य होई, म्हणून वर्षभर राहता येईल असे थंड ठिकाण इंग्रजांस हवे होते. दोन्ही गावांत अंतर अवघे १९ किलोमीटर. तथापि महाबळेश्वरास वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पाचगणीस त्याच्या सुमारे तिसरा हिस्सा, आणि वाईस त्याहूनही पुष्कळ कमी. ‘पर्जन्यछाया’ या शब्दाची व्याख्या फळ्यावर लिहून देण्यापेक्षा ही तीन गावे नकाशावर दाखवावीत. हवा कोरडी म्हणूनच पाचगणीस निवासी शाळा निघाल्या, आणि १९१२ मध्ये डॉक्टर बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले.

पाचगणीपासून पुढे रस्ता डोंगराच्या सोंडेवरून चालतो. उजव्या हातास कृष्णेचे खोरे व धोमचा जलाशय, डाव्या हातास कुडाळी व वेण्णा यांची खोरी. या दोन गावांच्या दरम्यान भिलार हे स्ट्रॉबेरी पिकविणारे गाव आहे. ४ मे २०१७ पासून ते ‘पुस्तकांचे गाव’ झाले असून तेथील घराघरांतून वाचकांसाठी मराठी पुस्तके ठेवलेली आहेत. शाळेची सहल महाबळेश्वरास जावयाचीच असेल, तर भिलारला दोन तास अवश्य द्यावेत.

महाबळेश्वराचे महत्त्व प्राचीन असले, तरी थंड हवेचे ठाणे म्हणून ते उदयास आले ते मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत. १८२९ मध्ये सातारचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार होऊन ही जागा इंग्रजांकडे आली आणि येथील बाजारपेठेस माल्कमपेठ हे नाव पडले. पुढे चिनी व मलायी बंदिवानांचा तुरुंग येथे होता. तो १८६४ पर्यंत चालला. गावातील जुने रस्ते या परदेशी कैद्यांच्या श्रमातून झाले. आपला देश पुन्हा कधीही न पाहिलेली किती माणसे या डोंगरावर दगड फोडत राहिली असतील, याचा विचार तेथे हिंडणाऱ्या प्रवाशांच्या मनात सहसा येत नाही. रस्ता कोणी आखला एवढेच सांगून शिक्षकाने थांबू नये. तो कोणाच्या हातांनी झाला, हेही मुलांस सांगावे.

महाबळेश्वर सोडले की कोकण लागले, अशी मुलांची, आणि मोठ्यांचीही, समजूत असते. ती बरोबर नाही. आंबेनळी घाटाचा रस्ता प्रथम उतरतो तो कोयनेच्या खोऱ्यात. तेथे वाडा कुंभरोशीपाशी प्रतापगडाचा फाटा फुटतो. त्यानंतर प्रतापगडाजवळची खिंड ओलांडून मार्ग खऱ्या अर्थाने कोकणात शिरतो. म्हणजे पाण्याची वाटणी होते ती महाबळेश्वराच्या बाजारपेठेत नव्हे, तर या खिंडीपाशी. खिंडीच्या पूर्वेस पडलेले पाणी कोयनेतून कृष्णेस आणि शेवटी बंगालच्या उपसागरास मिळावयाचे. पश्चिमेस पडलेले सावित्रीतून बाणकोटच्या खाडीस. (कोयना जलविद्युत प्रकल्प झाल्यापासून कोयनेचे बरेचसे पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे वळविले जाते, ही गोष्ट वरच्या वर्गातील मुलांस सांगण्यास हरकत नाही.) क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात ज्या पाच नद्यांचा उगम मानला जातो, त्यांत कृष्णाही आहे व सावित्रीही आहे. हा रस्ता एकीच्या काठावरील वाईपासून दुसरीच्या खोऱ्यातील पोलादपुरापर्यंत जातो.

इयत्ता चौथीच्या वर्गात शिवचरित्र शिकविताना प्रतापगडाचा प्रसंग रंगवून सांगितला जातो. मात्र अफजलखान वाईस असताना त्यास जावळीत का यावे लागले, आणि तेथे आल्यावर त्याच्या मोठ्या फौजेचा उपयोग का झाला नाही, याचे उत्तर रस्त्यातच आहे. त्या काळी आजचा घाट नव्हता. वाईकडून येणारी फौज महाबळेश्वराच्या डोंगरावरून रडतोंडीच्या घाटाने कोयनेकाठच्या पार गावाकडे उतरली. चढणाऱ्या-उतरणाऱ्यास रडकुंडीस आणणारी ती वाट. तिचे नावच पुरेसे बोलके आहे. हत्ती, तोफा व घोडदळ यांचा मैदानातील दबदबा अशा अरुंद वाटेवर व दाट रानात निरुपयोगी ठरतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी जे घडले त्यामागे शिवाजी महाराजांचे धैर्य होतेच, परंतु भूमीची पारखही तितकीच होती. पारजवळ कोयनेवर शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल आहे. शक्य असल्यास तो मुलांस अवश्य दाखवावा.

इंग्रजी अमदानीत प्रवाशांची दिशा बदलली. मुंबईहून महाबळेश्वरास येणारे साहेबलोक समुद्रमार्गे बाणकोटच्या खाडीत शिरत, दासगाव-महाडपर्यंत येत आणि तेथून घाट चढत. चाकाची गाडी वरपर्यंत जावी म्हणून नवा घाट फोडण्यात आला. तो १८७६ मध्ये पुरा झाला आणि मुंबईचे माजी गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचे नाव त्यास देण्यात आले. लोकांच्या तोंडी मात्र आंबेनळी हेच नाव राहिले. मौज अशी की, इतक्या खर्चाने व कष्टाने घाट झाला, आणि थोड्याच वर्षांत पुण्याहून साताऱ्याकडे आगगाडी आली. वाठार स्टेशनावर उतरून वाई व पाचगणीमार्गे वर जाणे सोयीचे झाले आणि कोकणबाजूची वर्दळ ओसरली. ज्या गावांतून प्रवासी जात तेथे मुक्काम, बैल, हमाल व बाजार यांस काम मिळे; वर्दळ हटली की ते बुडे.

स्वातंत्र्यानंतर या मार्गाने आणखी एक प्रसंग पाहिला. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या हस्ते प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. संयुक्त महाराष्ट्राची मागणी तेव्हा मान्य झालेली नव्हती. समितीच्या हाकेसरशी हजारो माणसे काळी निशाणे घेऊन पसरणी घाटात व पोलादपूरच्या बाजूस जमली. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

आता या रस्त्याची दुसरी बाजू. पावसाळ्यात आंबेनळी घाट धोक्याचा होतो. २८ जुलै २०१८ रोजी पावसाळी सहलीस निघालेली एक बस या घाटातील दरीत कोसळून सुमारे तीस जण मृत्यू पावले. २०२१ च्या जुलै महिन्यात महाबळेश्वरास चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. घाटात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या, रस्ता खचला, आणि पोलादपूर तालुक्यातील काही वाड्यांवर डोंगराचा कडा येऊन माणसे दगावली. घाट बंद झाला की महाबळेश्वरकडील माणसास कोकणात जाण्यासाठी वरंध किंवा कुंभार्ली घाटाचा मोठा वळसा पडतो, आणि तेही घाट पावसात नेहमीच खुले असतात असे नाही. हवापालटास येणाऱ्यांची एखादी सहल हुकते; खोऱ्यातील वाड्यांची मात्र दवाखान्याची, बाजाराची आणि माध्यमिक शाळेची वाट तुटते.

म्हणून हा पाठ केवळ नकाशावर संपवू नये. मुलांकडून मातीचा उठावाचा नकाशा करून घ्यावा, त्यावर दोऱ्याने रस्ता दाखवावा आणि वरून झारीने पाणी सोडून ते कोणत्या बाजूस वाहते हे पाहावयास लावावे. मातीचा उतार मुद्दाम एका ठिकाणी उभा कापला तर पाणी पडताच तो कसा ढासळतो, हेही मुले आपल्या डोळ्यांनी पाहतील. घाटाखालच्या शाळांतून तर याच वेळी दरडीची पूर्वचिन्हे शिकवावीत : उतारावर नवी भेग पडणे, झाडे वा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, घराच्या भिंतीस तडे जाणे. असे काही दिसल्यास मुलाने आधी घरी व लागलीच शाळेत सांगावे. शिक्षकाने ते त्याच दिवशी ग्रामपंचायतीस व तहसील कचेरीस कळवावे आणि पाऊस चालू असेल तर उताराखालच्या घरांतील मुलांस एकटे परत धाडू नये.