यंत्र नाही, पण ऑर्डर आहे

प्रश्न : सोनईत माझं डीटीपीचं दुकान आहे. लोक फ्लेक्स, पाट्याही मागतात. नगरहून छापून आणून देऊ का?

उत्तर : द्या. स्वतःचं यंत्र घेतलं, तर बँकेचा हप्ता लग्नसराईची वाट पाहत नाही. मध्यस्थाला ती धास्ती नसते आणि पाट्यांच्या गिऱ्हाइकीसाठी शनिशिंगणापूरची दुकानं जवळ आहेत. पण चूक छापखान्याची असली, तरी गिऱ्हाईक तुमच्या दारात येणार. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नाव चुकलं, की तो दुसऱ्या दिवशी फक्त ताडपत्रीच्या कामाचा! म्हणून मजकुराला व्हॉट्सॲपवर होकार घ्या, मगच फाईल पाठवा. पाटीचं माप मात्र स्वतः जाऊन घ्या.

खरा धोका उधारीचा. छापखाना रोख मागतो, निवडणुकीत कार्यकर्ता म्हणतो ‘निकालानंतर बघू’. निम्मी रक्कम आगाऊ घ्याच. निवडणुकीच्या कामात आणखी एक काळजी : लोकसभा-विधानसभेच्या प्रचारपत्रकांवर मुद्रक व प्रकाशकाचं नाव-पत्ता सक्तीचा आहे (लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७-क). तिथे मुद्रक म्हणून प्रत्यक्ष छापणाऱ्याचंच नाव जाऊ द्या.

नगरचा चौरस फुटाचा दर आज ना उद्या गिऱ्हाइकाला कळणारच. तेव्हा डिझाइन, ने-आण आणि बसवणी यांचे पैसे बिलात वेगळे दाखवा.