शीतकालीन आहारात कुळथाचे शेंगोळे

बुलढाणा जिल्ह्याचा घाटावरील भाग अजिंठ्याच्या डोंगररांगेत वसलेला असल्याने तेथील थंडी घाटाखालच्या मलकापूर-नांदुऱ्यापेक्षा अधिक जाणवते. अशा दिवसांत कुळथाच्या, म्हणजेच हुलग्याच्या, शेंगोळ्यांचा झणझणीत रस्सा आवडीने केला जातो. थंडीत जितके तिखट तितकी ऊब, असा समज मात्र रूढ आहे. तो कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

ऋतुविचार : हेमंतात जठराग्नी बलवान असतो, त्यास पुरेसे व स्निग्ध अन्न हवे. शिशिरात चरकाचार्यांनी कटु, तिक्त व कषाय रस, तसेच वातल, लघु व शीत अन्नपान वर्ज्य सांगितले आहे. म्हणजे थंडीत उष्ण अन्न विहित आहे; अतितिखट अन्न नव्हे. हा भेद रुग्णास समजावून देणे अगत्याचे आहे.

द्रव्यविचार : कुळीथ कषाय रसाचा, उष्ण वीर्याचा, अम्लविपाकी व कफवातघ्न आहे. कास, श्वास, पीनस व अश्मरी यांत तो हितकर. परंतु वाग्भटांनी तो पित्त व रक्त दूषित करणारा म्हटला आहे. मिरचीचा उल्लेख बृहत्त्रयीत नाही. ती पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात भारतात आली. तिच्यातील कॅप्सायसिन उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंच्या ग्राहकास चेतवते. हा ग्राहक 1997 मध्ये ओळखला गेला व त्या संशोधनासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तिखटाने अंग तापल्यासारखे वाटते, घामही येतो; तथापि ही जाणीव म्हणजे शरीरास मिळालेले पोषण नव्हे.

कृती (चार माणसांसाठी) : कुळीथ निवडून, मंद आचेवर भाजून दळावा. पीठ 250 ग्रॅम व ज्वारीचे पीठ 50 ग्रॅम घ्यावे. त्यातील दोन चमचे पीठ बाजूस काढावे. लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, एक चमचा जिरे, अर्धा चमचा ओवा व दोनच सुक्या मिरच्या एकत्र वाटाव्यात. अर्धे वाटण, हळद व मीठ पिठात घालून कोमट पाण्याने घट्ट मळावे. तेलाच्या हाताने बोटाएवढे वळून दोन्ही टोके जोडावीत. चार चमचे तेलात हिंग व उरलेले वाटण परतून दीड लिटर पाणी व चवीपुरते मीठ घालावे. पाण्यास खळखळून उकळी आल्यावरच शेंगोळे एकेक सोडावेत. उकळी नसल्यास ते विरघळतात. नंतर आच मंद करून अर्धा तास शिजवावे. बाजूस काढलेले पीठ थंड पाण्यात कालवून शेवटच्या दहा मिनिटांत घातल्यास रस्सा दाट होतो. शेंगोळा मोडून पाहावा. मध्ये कोरडे पीठ राहिल्यास आणखी शिजवावे. अर्धवट शिजलेला कुळीथ आध्मान करतो.

मंद आचेने मिरचीचा तिखटपणा नाहीसा होत नाही; तो स्नेहात उतरून रस्साभर पसरतो. म्हणून मिरची आरंभीच मोजून घालावी. वाढताना तूप अवश्य घ्यावे. त्याने कुळथाची रूक्षता कमी होते व जिभेचा दाहही शमतो. दाह शमविण्यासाठी दूध मात्र देऊ नये. कुळीथ व दूध हे संयोगविरुद्ध आहे.

पथ्यापथ्य : कुळीथ अर्शात हितकर सांगितला आहे, एवढ्यावरून प्रत्येक मूळव्याधीच्या रुग्णास तो सुचवू नये. रक्तस्राव होत असल्यास कुळीथ व मिरची दोन्ही टाळावीत. अम्लपित्त, रक्तपित्त, अतिरिक्त रजःस्राव व गर्भावस्था यांतही हा आहार योग्य नाही. मुतखड्यासाठी कुळीथ मागणाऱ्या ग्राहकास ताप, थंडी वाजणे किंवा मूत्रावरोध आहे काय, हे औषधविक्रेत्यांनी विचारावे. असल्यास पुडी न देता तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

सारांश, शेंगोळ्यांतील ऊब कुळीथ, लसूण, स्नेह व सावकाश केलेला पाक यांतून घ्यावी. मिरची रुचीपुरती असावी. रुग्णास आहार सांगताना "गरम खा" एवढेच न म्हणता किती मिरची, किती तूप व कोणासाठी नाही, हेही वैद्यबंधूंनी लिहून द्यावे, अशी आमची विनंती आहे.